बारामतीचा पतव्यवहार आणि बाहेरची कडी

बारामती तालुक्यातील कन्हेरीसारख्या गावांच्या पतव्यवहाराचा दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर एक प्रश्न वारंवार पुढे येतो : गावाचा व्यवहार ज्या बाहेरच्या घटकावर विसंबून आहे, तोच ऐनवेळी निकामी झाला तर काय करायचे? संगणकीय परिभाषेत अशा घटकाला त्रयस्थ घटक म्हणतात. तो दुसऱ्याने बनवलेला आणि दुसऱ्यानेच चालवलेला असतो, मात्र आपल्या प्रणालीत पूर्णपणे गुंतलेला असतो.

12 मे 1875 रोजी आजच्या बारामती तालुक्यातील सुपे येथे दख्खनच्या दंग्यांना तोंड फुटले. अमेरिकी यादवी युद्ध संपल्यावर कापसाचे भाव उतरले होते, शेतसारा वाढला होता आणि अशा वेळी सावकारांनी नवी उचल देण्यास हात आखडता घेतला होता. पतपुरवठ्याचा दुसरा मार्ग नसल्यामुळे सावकार थांबताच सारा व्यवहारच थांबला आणि शेतकऱ्यांचा रोष कर्जरोखे जाळण्यात व्यक्त झाला. 1879 च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने कर्जदाराला न्यायालयात संरक्षण दिले. पर्यायी पतपुरवठा मात्र त्यातून उभा राहिला नाही.

1885 च्या सुमारास नीरा डाव्या कालव्याचे पाणी या पट्ट्यात आले आणि ऊस वाढला. लागणीपासून तोडणीपर्यंत वर्षाहून अधिक काळ पैसा गुंतून राहत असल्याने उसाला मोठे भांडवल लागे. 1904 च्या सहकारी पतसंस्था कायद्यानंतर गावोगाव सोसायट्या निघाल्या, आणि 1911 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या मध्यवर्ती सहकारी बँकेने कालव्यावरील शेतीला कर्ज देण्यासाठी बारामतीत शाखा उघडली. या रचनेचे बळ असे की प्रत्येक पायरीचे हिशेब त्या त्या पायरीवर राहत. वरून पैसा उशिरा आला, तरी कोणत्या सभासदाकडे किती येणे आहे हे सोसायटीच्या रोजकीर्दीत आणि खतावणीत दिसे.

संगणकीकरणानंतर ही खतावणी दूरच्या सर्व्हरवर गेली. स्वतःची यंत्रणा उभारणे न परवडणाऱ्या लहान बँका तंत्रज्ञान कंपन्यांवर विसंबल्या. 31 जुलै 2024 रोजी सी-एज टेक्नॉलॉजीज या अशाच कंपनीवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला, तेव्हा राष्ट्रीय देयक महामंडळाने, म्हणजे एनपीसीआयने, तिला किरकोळ देयक प्रणालीपासून तात्पुरते तोडले. देशातील सुमारे 300 लहान बँकांच्या ग्राहकांचे देयक व्यवहार थांबले, पण बिघाड उर्वरित जाळ्यात पसरला नाही, आणि दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली.

मायकेल नायगार्ड यांनी 2007 च्या आपल्या पुस्तकातून रूढ केलेल्या ‘सर्किट ब्रेकर’ या रचनेचे तत्त्व हेच आहे : बाहेरची सेवा सलग अपयशी ठरू लागली की तिच्याकडे विनंत्या पाठवणे काही काळ थांबवायचे, म्हणजे वाट पाहणाऱ्या विनंत्यांच्या भाराखाली मुख्य प्रणाली कोलमडत नाही. त्याला आणखी तीन पथ्यांची जोड लागते. उत्तराची वाट किती काळ पाहायची याची मर्यादा ठरवावी लागते. अडलेला व्यवहार रांगेत जपून, एकाच क्रमांकाने पुन्हा पाठवावा लागतो, म्हणजे रक्कम दोनदा वजा होत नाही. आणि नेमके काय बंद आहे व काय चालू आहे, हे वापरणाऱ्याला स्पष्ट सांगावे लागते.

2022 मध्ये केंद्र सरकारने सुमारे 63,000 प्राथमिक सोसायट्यांच्या संगणकीकरणास मंजुरी दिली. त्यामुळे हा प्रश्न आता थेट गावातील सोसायटीच्या दारात आला आहे. संपर्क तुटला तरी नोंद गावात घेता यावी आणि जोडणी परत येताच ती मुख्य खात्याशी जुळवता यावी, ही सोय सोसायटीच्या सॉफ्टवेअरची मूलभूत अट ठरली पाहिजे. कारण पीककर्जाची उचल चुकली तर लागणीचा हंगाम सर्व्हर सुरू होण्याची वाट पाहत नाही.