वॉटसन्स हॉटेल
मुंबईच्या काळा घोडा परिसरातील एकोणिसाव्या शतकातील एक ऐतिहासिक वास्तू. तिचे विद्यमान नाव एस्प्लनेड मॅन्शन. ओतीव लोखंडी सांगाड्यावर उभारलेली भारतातील सर्वांत जुनी विद्यमान बहुमजली इमारत म्हणून ती ओळखली जाते.

गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकीर्दीत (१८६२–६७) मुंबईच्या किल्ल्याचा तट पाडण्यात आला व एस्प्लनेड मैदानालगतची जमीन बांधकामास खुली झाली. जॉन हडसन वॉटसन या कापडव्यापाऱ्याने १८६७ मध्ये तेथील जागा ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतली. इमारतीचा आराखडा ब्रिटिश अभियंता रोलंड मेसन ऑर्डिश याचा असून लंडनच्या सेंट पँक्रस रेल्वे स्थानकाच्या छताच्या रचनेतही त्याचा वाटा होता. सांगाड्याचे सुटे भाग इंग्लंडमध्ये ओतून जहाजांनी मुंबईस आणले व जागेवर जोडण्यात आले (१८६७–६९). हॉटेल १८७१ मध्ये सुरू झाले.

पाच मजली इमारतीचा सर्व भार लोखंडी खांब व तुळया वाहतात. मधल्या विटांच्या भिंती केवळ जागा भरून काढतात. पुढे सर्वत्र रूढ झालेल्या सांगाडा-बांधणीचे हे भारतातील एक आद्य उदाहरण होय. खांबतुळयांची जुळणी दर्शनी भागावर उघडी ठेवलेली असून रस्त्याच्या बाजूस रुंद सज्जे आहेत. तळमजल्यावर उपाहारगृह, वर सु. १३० खोल्या आणि मध्यभागी काचेच्या छताचा चौक, अशी मूळ योजना होती.

अमेरिकन लेखक मार्क ट्वेन १८९६ मध्ये येथे उतरला होता. त्याच वर्षी ७ जुलै रोजी ल्यूम्येअर बंधूंच्या चलत्‌चित्रांचा भारतातील पहिला खेळ येथे झाला. प्रवेश नाकारला गेल्यामुळे जमशेटजी टाटांनी ताजमहाल हॉटेल (१९०३) बांधले, ही आख्यायिका प्रसिद्ध असली, तरी तिला सबळ आधार नाही.

ताजमहालच्या स्पर्धेत वॉटसन्सचे महत्त्व ओसरले व कालांतराने ते बंद पडले. खोल्यांचे विभाजन होऊन तेथे बिऱ्हाडे, दुकाने व कार्यालये आली. आडभिंतींची भर आणि देखभालीचा अभाव यांमुळे वास्तू जीर्ण झाली. २००५ मध्ये सज्जाचा काही भाग कोसळून एक जण मृत्यू पावला. जागतिक स्मारक निधीने २००६ च्या शंभर धोकाग्रस्त स्थळांच्या यादीत तिचा समावेश केला. २०१९ मध्ये इमारत रिकामी करण्यात आली. त्या वेळी मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेच्या तज्ञांनी ती पाडण्याची शिफारस केली, तर वारसाजतनाच्या पुरस्कर्त्यांनी दुरुस्तीचा आग्रह धरला. वास्तूचे ऐतिहासिक मोल मुख्यतः तिच्या सांगाड्यात असल्याने तो मोडून केवळ दर्शनी रूपाची पुनर्बांधणी केल्यास ते मोल टिकणार नाही.