मानधनातून कापलेला टीडीएस : कार्यकर्त्यांनी काय लक्षात ठेवावे?

अनेक लहान गटांची स्वतःची नोंदणी नसते. त्यांचा निधी एखाद्या नोंदणीकृत ट्रस्टच्या खात्यात येतो आणि कार्यकर्त्यांचे मानधनही तोच ट्रस्ट देतो. ‘संस्था करमुक्त, मग आपले मानधनही करमुक्त’ असे आम्हाला वारंवार ऐकायला मिळते. हा गैरसमज आहे. सवलत संस्थेच्या उत्पन्नाला असते. मानधन हे घेणाऱ्याचे उत्पन्न असते.

आर्थिक वर्ष २०२५-२६ चे नियम असे :

टीडीएस : व्यावसायिक सेवेचे मानधन वर्षभरात ५०,००० रुपयांच्या वर गेले, तर संस्थेला १० टक्के कापावे लागतात. म्हणजे ६०,००० रुपयांवर ६,०००. पॅन दिला नसेल, तर २० टक्के, म्हणजे १२,०००.

प्रवासखर्च : प्रत्यक्ष झालेल्या खर्चाची भरपाई ही कमाई नव्हे. तिकिटे व बिले जोडून ती मानधनापासून वेगळी मागावी.

परतावा : नव्या करप्रणालीत एकूण उत्पन्न ४ लाखांपर्यंत असेल तर कर लागत नाही. अशा वेळी कापलेली रक्कम परत मिळते. मात्र त्यासाठी मुदतीत विवरणपत्र भरावे लागते.

पुरावा : संस्थेकडून फॉर्म १६ए मागून घ्या. फॉर्म २६एएसमध्ये तीच रक्कम दिसते का, ते तपासा. दिसत नसेल, तर संस्थेला लेखी कळवा.

मानधनावर घर चालवणाऱ्यासाठी सहा हजार रुपये लहान रक्कम नाही. केवळ विवरणपत्र भरले नाही म्हणून आपल्या कष्टाचा पैसा सोडू नका.