एका इंजिनाचे दोन आकडे

शिरूर तालुक्यातील रांजणगाव म्हटले की बहुतेकांना अष्टविनायकांपैकी महागणपती आठवतो. याच गावाजवळच्या औद्योगिक वसाहतीत फियाटचा मोटार कारखाना आहे. तेथे तयार झालेली 'लिनिया टी-जेट' ही गाडी 2010 मध्ये बाजारात आली. तिचे पेट्रोल इंजिन 1368 घन सेंटिमीटरचे होते आणि त्याची शक्ती 114 अश्वशक्ती होती. पुढे ऑक्टोबर 2015 मध्ये त्याच कारखान्यातून 'अबार्थ पुंटो' ही छोटी हॅचबॅक आली. इंजिन त्याच घराण्याचे, आकारमानही तेच. शक्ती मात्र 145 अश्वशक्ती! या दोन्ही गाड्या आता बाजारात नाहीत, पण त्यांनी मागे ठेवलेला प्रश्न वर्गात विचारण्याजोगा आहे. सिलिंडर तेवढेच असताना 31 अश्वशक्ती जादा आल्या कोठून?

उत्तरासाठी शंभराहून अधिक वर्षे मागे जावे लागेल. इंजिनात जाळलेल्या इंधनाच्या ऊर्जेपैकी मोठा वाटा धुराबरोबर वाया जातो. या गरम, वेगवान वायूने एक छोटे चक्र फिरवावे, त्याच दांड्यावर बसवलेल्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये भरावी, ही कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने मांडली आणि 1905 मध्ये तिचे पेटंट घेतले. हेच टर्बोचार्जरचे मूळ. हवा जास्त, म्हणजे ऑक्सिजन जास्त. म्हणून त्याच सिलिंडरमध्ये इंधनही जास्त जाळता येते. ही कल्पना प्रत्यक्षात उतरायला वीस वर्षे लागली. 1920 च्या दशकात दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांना टर्बो बसवले गेले, तेव्हा प्रत्येक इंजिनाची शक्ती 1750 वरून 2500 अश्वशक्तीवर गेली.

मग छोट्या पेट्रोल गाडीत टर्बो यायला इतका उशीर का झाला? कारण उष्णता. सायकलला हवा भरताना पंप तापतो, हे विद्यार्थ्यांना ठाऊक असते. 27 अंश सेल्सियस, म्हणजे 300 केल्विन तापमानाची हवा 1.7 पट दाबली, तर आदर्श स्थितीतही ती सुमारे 76 अंशांपर्यंत तापते. तापलेली हवा प्रसरण पावते, म्हणून घनता 1.7 पट न होता सुमारे 1.46 पटच होते. तीच हवा वाटेत एका रेडिएटरसारख्या जाळीतून नेऊन 47 अंशांपर्यंत थंड केली, तर घनता 1.59 पट होते. ही जाळी म्हणजे इंटरकूलर.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. हवा व पेट्रोलचे मिश्रण फार तापले व दाबले गेले, तर ठिणगीपासून निघालेली ज्योत पोहोचण्यापूर्वीच त्याचा उरलेला भाग एकदम पेट घेतो. इंजिन 'नॉक' करते आणि हे चालूच राहिले तर दट्ट्यांना इजा होते. अमेरिकेत 1962 मध्ये आलेल्या 'ओल्ड्समोबिल जेटफायर' या टर्बो गाडीत यावर उपाय म्हणून पाणी व मिथिल अल्कोहोल यांचे मिश्रण इंजिनात फवारण्याची सोय होती. उपाय शास्त्रशुद्ध होता. पण त्याची टाकी वेळेवर भरणे मालकांच्या अंगवळणी पडले नाही. 1963 नंतर ही गाडी बंद झाली. पुढे 1970 च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनच्या साब कंपनीने लहान टर्बो वापरला आणि जास्तीचा वायू चक्राला वळसा घालून सोडणारी झडप त्याला जोडून रोजच्या वापराची टर्बो गाडी आणली. नंतरच्या दशकात नॉकचा कानोसा घेणारा संवेदक आला. त्याचा इशारा मिळताच हवेचा दाब आपोआप कमी होऊ लागला.

आता रांजणगावच्या आकड्यांकडे परत येऊ. दांडा फिरवण्याच्या जोराला टॉर्क म्हणतात. लिनियाचा कमाल टॉर्क 207 न्यूटन-मीटर होता, अबार्थचा 212. फरक जेमतेम अडीच टक्के! शक्ती मात्र 27 टक्के वाढलेली. हे कोडे फळ्यावर सुटते. शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले कोनीय वेग. लिनियाची 114 अश्वशक्ती (सुमारे 83,800 वॅट) मिनिटाला 5000 फेऱ्यांना मिळते. भागाकार केला तर त्या वेगाला टॉर्क 160 न्यूटन-मीटर येतो. अबार्थची 145 अश्वशक्ती 5500 फेऱ्यांना मिळते आणि तेथे टॉर्क 185 येतो. म्हणजे शिखर फारसे उंचावले नाही. शिखरानंतरचा उतार सौम्य केला गेला. वेगाने फिरतानाही सिलिंडरमध्ये भरपूर हवा पोहोचत राहिली आणि तिच्या प्रमाणात इंधनही जळत राहिले. जादा शक्ती आली ती जादा पेट्रोलमधून.

कार्लो अबार्थ यांनी 1949 मध्ये इटलीत स्थापन केलेल्या कंपनीची कीर्तीच मुळी छोट्या फियाट गाड्यांना चपळ करण्यावर उभी राहिली. 1971 मध्ये फियाटने ती विकत घेतली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या फियाटच्या काळात आपल्याकडचे मेस्त्री 'ट्यूनिंग' म्हणत ते कार्ब्युरेटर, प्लग आणि पॉइंट जुळवण्याला. टर्बो गाडीत तेच काम संगणकातील आकड्यांचा तक्ता बदलून अर्ध्या तासात होते, आणि मोह वाढतो तो येथेच.

कारखान्याने हात आखडता घेतलेला असतो, तो कंजूषपणाने नव्हे. मे महिन्यातील ऊन, हलक्या प्रतीचे पेट्रोल, पाच माणसे व सामान घेऊन चढलेला घाट, ऑइल बदलायला उशीर करणारा मालक, या सर्वांसाठी ती शिल्लक राखलेली असते. अबार्थमध्ये शक्ती वाढवताना कारखान्याने साध्या पुंटोपेक्षा गाडी खाली आणली, स्प्रिंगा ताठ केल्या, चारही चाकांना डिस्क ब्रेक दिले. केवळ तक्ता बदलणारा यातले काही करत नाही. तो फक्त शिल्लक खर्च करतो.

कायद्याची भूमिकाही हीच आहे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार, नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये याला दुजोरा दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरवली.

वरच्या वर्गांतील अनेक मुलांना गाड्यांचे आकडे तोंडपाठ असतात. त्यांना रागावण्यापेक्षा वरचे गणित करायला द्यावे, आणि शेवटी एकच प्रश्न विचारावा: वाढलेल्या प्रत्येक अश्वशक्तीबरोबर जी जादा उष्णता निर्माण झाली, ती बाहेर नेण्याची सोय कोणी केली?