राज्यनकाशा, आरव्हीवरील

राज्यनकाशा, आरव्हीवरील : राहण्याची सोय असलेल्या प्रवासी वाहनाच्या बाहेरच्या अंगावर लावलेला आणि पाहून झालेली राज्ये एकेक करून भरत जाण्याचा नकाशा. ही प्रथा मुख्यतः अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि कॅनडा या देशांत आढळते. स्वतःच्या इंजिनावर चालणारी मोटरहोम आणि दुसऱ्या गाडीमागे ओढले जाणारे ट्रेलर या दोहोंना तेथे ‘आरव्ही’ म्हणतात व नकाशाही दोहोंवर दिसतो. तो कोणतेही सरकारी खाते देत नाही किंवा तपासत नाही. राज्य केव्हा ‘झाले’ म्हणायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते.

स्वरूप : विकत मिळणाऱ्या संचात सहसा सीमारेषा आखलेला एक कोरा नकाशा आणि प्रत्येक राज्याच्या आकाराचे सुटे रंगीत स्टिकर असतात. एकमेकांना लागून असलेली ४८ राज्ये मुख्य नकाशात येतात, तर अलास्का व हवाई ही राज्ये कोपऱ्यात वेगळी दाखवतात. अलास्का त्यासाठी बरेच लहान करावे लागते. टेक्सासचे क्षेत्रफळ सुमारे ६.९५ लाख चौ. किमी., तर ऱ्होड आयलंडचे सुमारे ४,००० चौ. किमी. आहे. त्यामुळे ईशान्येकडील चिमुकल्या राज्यांचे तुकडे नखाएवढे होतात आणि सर्वांत आधी तेच सुटून पडतात. राजधानी वॉशिंग्टन हे राज्य नसल्याने अनेक नकाशांत तिला जागा मिळत नाही. कॅनडाच्या नकाशात १० प्रांत व ३ प्रदेश असतात. त्यांपैकी नूनाव्हुत १९९९ मध्ये वेगळा झाला.

नकाशाची नेहमीची जागा म्हणजे प्रवेशदाराची बाजू. अमेरिकी आरव्हीचे दार बहुधा उजवीकडे असते. तळावर मुक्काम पडला की कापडी छत, खुर्च्या व मेज याच बाजूला मांडतात, त्यामुळे येणाऱ्याजाणाऱ्याचे लक्ष नकाशाकडे जाते. काही जण तो मागच्या भिंतीवर लावतात.

पूर्वपीठिका : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हॉटेले व आगबोट कंपन्या प्रवाशांच्या ट्रंकांवर आपली लेबले लावत. गेलेल्या गावांची जाहीर नोंद सामानावर बाळगण्याची हौस तेव्हापासूनची. मोटार आली तशी ती गाडीच्या काचेवर उतरली. १९१९ मध्ये फ्लोरिडातील टॅम्पा येथे ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ ही मोटारीने हिंडून तळ ठोकणाऱ्यांची संघटना स्थापन झाली. पुढे राज्याचे नाव व चित्र असलेली, पाण्यात भिजवून काचेवर चढवायची चित्रे भेटवस्तूंच्या दुकानांत मिळू लागली. आर. स्टँटन एव्हरी यांनी १९३५ मध्ये मागचा कागद सोलून चिकटवायची लेबले बाजारात आणली आणि भिजवण्याची खटपट संपण्याचा मार्ग खुला झाला. १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांच्या बांधणीला मोठी चालना मिळाली. अलास्का व हवाई ही दोन्ही राज्ये १९५९ मध्ये संघराज्यात आली. ५० राज्यांच्या नकाशाला अर्थ आला तो तेव्हापासून.

मोजणीचे संकेत : चाके टेकली की राज्य झाले, हा सर्वांत सैल संकेत. लास व्हेगसहून उत्तरेकडे यूटाला जाणारा १५ क्रमांकाचा महामार्ग ॲरिझोनाचा वायव्य कोपरा सुमारे ४७ किमी. कापतो, तर ९५ क्रमांकाचा महामार्ग सुमारे ३७ किमी.मध्ये डेलावेअर ओलांडतो. सैल मोजणीत ही राज्ये अर्ध्या तासात पदरी पडतात. म्हणून अनेक जण त्या राज्यात आणि त्याच वाहनात किमान एक रात्र मुक्काम झाला पाहिजे, अशी अट पाळतात. त्याहून काटेकोर मंडळी एखादे स्थळ पाहिल्याखेरीज किंवा काही दिवस राहिल्याखेरीज स्टिकर लावत नाहीत. विमानाने केलेला प्रवास धरावा का, जुन्या वाहनातली राज्ये नव्या वाहनावर चढवावीत का, यांवरही एकमत नाही.

खरी कसोटी टोकाच्या राज्यांची असते. अलास्का रस्त्याने गाठता येते, पण कॅनडातून. १९४२ मध्ये बांधलेला अलास्का महामार्ग ब्रिटिश कोलंबियातील डॉसन क्रीकपासून निघून यूकॉनमार्गे अलास्कातील डेल्टा जंक्शनला पोहोचतो. हवाईला मुख्य भूमीवरून रस्ता नाही आणि वाहनासह प्रवासी नेणारी नियमित फेरीबोटही नाही. त्यामुळे ‘त्याच वाहनातून’ ही अट पाळणाऱ्याचा नकाशा ४९ वर थांबतो. कॅनडात हीच अडचण नूनाव्हुतची : उर्वरित देशाशी तो रस्त्याने जोडलेला नाही. न्यूफाउंडलंडला मात्र नोव्हा स्कोशियाहून फेरीबोटीत वाहन घालून जाता येते.

लावण्याची पद्धत : पृष्ठभाग धुऊन, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, कोरडा करून व्हिनाइलचा स्टिकर एका कडेपासून दाबत नेतात, घाई केल्यास खाली हवेचे फुगे राहतात. कडक थंडीत गोंद नीट धरत नाही. लोहचुंबकी नकाशा काढता-घालता येतो खरा, पण आरव्हीच्या भिंती बहुधा फायबरग्लास किंवा ॲल्युमिनियमच्या असल्याने तो तेथे चिकटतच नाही. काढताना केस वाळवण्याच्या यंत्राने गरम हवा देऊन गोंद मऊ करतात. अनेक वर्षे ऊन खाल्लेल्या भिंतीचा उघडा भाग फिकट होतो, झाकलेला तसाच राहतो. स्टिकर गेला तरी देशाची आकृती उरते. वाहन विकताना हे अडचणीचे ठरते, म्हणून काही जण नकाशा दाराच्या काचेवर किंवा वेगळ्या ॲक्रिलिक फलकावर लावतात.

उपयोग व आक्षेप : अनोळखी शेजाऱ्यांच्या तळावर नकाशा बोलण्याला निमित्त पुरवतो. रिकामे राज्य दिसले की तेथून आलेला माणूस वाट, ऋतू आणि मुक्कामाच्या जागा सुचवतो. पुढची सफर आखतानाही रिकाम्या जागा उपयोगी पडतात. भरलेल्या राज्यांच्या संख्येने प्रवासाची खोली कळत नाही, केवळ मोजदादीसाठी धावाधाव होते, हा त्यावरचा मुख्य आक्षेप होय. तो रास्त आहे. मोजणीचा संकेत सांगितल्याखेरीज दोन नकाशांची तुलना करता येत नाही; संकेत सांगितला, तर निम्मा भरलेला नकाशाही पूर्ण नकाशाइतकाच विश्वसनीय ठरतो.