दुसऱ्या नावाची गरज

अमेरिकेतल्या गुराख्यांच्या आणि बंदूकबाजांच्या कादंबऱ्या लिहून गाजलेला मॅक्स ब्रँड म्हणजे मूळचा फ्रेडरिक फाउस्ट. त्याची ‘द अनटेम्ड’ १९१९ साली पुस्तकरूपात आली. कविता मात्र त्याने खऱ्या नावानेच छापल्या. हलक्या मानल्या जाणाऱ्या लेखनाला टोपणनाव आणि प्रतिष्ठेच्या लेखनाला खरे नाव, असा नियम यावरून कुणीही काढेल. पण मराठीत तो टिकत नाही. चिं. त्र्यं. खानोलकरांनी ‘कोंडुरा’ स्वतःच्या नावाने लिहिली, ‘जोगवा’तल्या कविता मात्र आरती प्रभूंच्या झाल्या. राम गणेश गडकऱ्यांची नाटके गडकऱ्यांची, कविता गोविंदाग्रजांची आणि विनोद बाळकरामांचा. कवितेची लाज वाटण्याचे तर काही कारण नव्हते. कवीने टोपणनाव घ्यायचे ही तेव्हाची रीतच होती, केशवसुत आणि बालकवी त्याच रीतीतले, असे कुणी म्हणेल. ते खरेच आहे. पण त्या रीतीने गोविंदाग्रज उलगडतात, बाळकराम नाही. विनोदासाठी तिसरे नाव घेण्याची सक्ती कोणत्याच रूढीने केली नव्हती. म्हणून मला वाटते, साहित्यप्रकार बदलणारा लेखक दुसरे नाव घेतो ते बहुतेकदा लपण्यासाठी नव्हे, तर पहिल्या नावाने वाचकाच्या मनात बांधलेल्या अपेक्षेतून सुटण्यासाठी.

याचा सर्वांत स्वच्छ पुरावा जयंत नारळीकरांचा आहे. १९६५ साली पद्मभूषण मिळालेल्या या खगोलशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःची आद्याक्षरे उलटी करून ते नाव बेतले होते. हस्ताक्षरावरून ओळख पटू नये म्हणून कथा पत्नीकडून उतरवून घेतली. खबरदारी इतकी बारीक, कारण परीक्षा कथेची व्हायला हवी होती, शास्त्रज्ञाच्या कीर्तीची नव्हे. कथेला पहिले बक्षीस मिळाले आणि जगतापांचे काम संपले. पुढची ‘यक्षांची देणगी’ नारळीकरांच्याच नावाने आली.

खरोखर लपण्यासाठी घेतलेले नावही मराठीत आहे. ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ साली विभावरी शिरूरकर या नावाने आले, कारण त्यातले स्त्रीचे बोलणे तेव्हाच्या समाजाला पेलणारे नव्हते. पण तिथे प्रश्न साहित्यप्रकाराचा नव्हता, लेखिकेच्या सुरक्षिततेचा होता. दुसरा आक्षेप असा: नागपूरच्या माणिक गोडघाटे यांनी ‘संध्याकाळच्या कविता’ आणि ‘चर्चबेल’मधले ललितलेख दोन्ही ‘ग्रेस’ याच नावाने लिहिले, मग दुसरे नाव का लागले नाही? कारण गद्यात आल्यावरही ग्रेस यांचा सूर तोच राहिला. कवितेच्या वाचकाला तिथे अनोळखी काही भेटत नव्हते. बाळकरामाच्या लेखात एखादा वाचक गोविंदाग्रजांची हळवी ओळ शोधत आला असता, तर त्याची फसगतच झाली असती.