बारापेडेची वटवाघळे

लहानपणी आमच्या घरी वटवाघळाचे नाव निघाले की आजी दार लोटून घेई. शेजारच्या कानडी घरात त्यालाच ‘बावली’ म्हणत. भीती मात्र दोन्ही भाषांत सारखीच! याच प्राण्याने आमच्या खानापूर तालुक्याचे नाव प्राणिशास्त्रात नेले, हे मला कळले ते पन्नाशी उलटल्यावर.

या कथेची सुरुवात मुंबईची. १५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ निसर्गप्रेमी जमले. डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे त्यांतले दोघे. त्यांनी स्थापन केलेली संस्था म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. तिची रीत साधी होती: ज्याला जे दिसेल त्याने ते टिपावे, जमल्यास नमुना पाठवावा. व्यवसायाने शास्त्रज्ञ असण्याची अट नव्हती. १९११ मध्ये सोसायटीने वर्गणी जमवून देशातील सस्तन प्राण्यांची पाहणी आरंभली. त्यामागे धडपड होती निवृत्त वनाधिकारी रॉटन यांची.

या पाहणीच्या काळातच, १९१२ मध्ये, सोसायटीचे एस. एच. प्रेटर तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांत पोहोचले. तिथले मोठ्या कानांचे वटवाघूळ शास्त्राला नवे निघाले. १९१३ मध्ये लंडनच्या ओल्डफील्ड थॉमस यांनी त्याला रॉटन यांचे नाव दिले. पुढे जवळजवळ नव्वद वर्षे ही जात जगाला फक्त याच गुहांतून ठाऊक होती. नंतर ती कंबोडियात आणि मेघालयातही आढळली.

१९२३ मध्ये सोसायटीच्या मदतीने प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमचे निसर्गदालन उभे राहिले. १९२६ मध्ये तिथे लोकांना प्राणी-पक्षी समजावून सांगण्याच्या कामावर एक तरुण लागला. त्याचे नाव सालिम अली.

रानातली गुहा परक्याला आपोआप सापडत नाही. वाट दाखवणारे कोणी असेल, तर त्याचे नाव माझ्या वाचनात आले नाही. नमुने लंडन-मुंबईला गेले, नाव रॉटनसाहेबांचे लागले आणि आम्ही दार लोटून बसलो! ही चूक एकट्या साहेबाची नव्हे.

म्हणून सुचवावेसे वाटते, की आपल्या गावच्या वाचनालयात एक कपाट आणि एक वही ठेवावी. मुलांनी पाहिलेला पक्षी, बेडूक, फूल तारखेसह तीत लिहावे. नाव मराठीत लिहावे, कानडीतही लिहावे. पहिले पान बारापेडेच्या वटवाघळासाठी राखून ठेवू.