रविवार : उपासना आणि विसावा

रविवार म्हणजे सुट्टी, हे समीकरण इतके अंगवळणी पडले आहे की, ख्रिस्ती कुटुंबे सुट्टी असते म्हणून रविवारी देवळात जातात, असा पुष्कळांचा समज असतो. इतिहास याच्या नेमका उलट आहे. आधी उपासना आली. विसावा तिच्यामागून, सुमारे तीन शतकांनी आला.

येशू ख्रिस्ताचे पहिले शिष्य यहुदी होते आणि यहुद्यांचा शब्बाथ शनिवारी असे. त्या दिवशी घरधन्याबरोबर दासदासींना व गुराढोरांनाही मोकळीक द्यावी, अशी मोशेच्या नियमशास्त्राची आज्ञा आहे. त्यानंतरचा, म्हणजे आठवड्याचा पहिला दिवस प्रभूच्या पुनरुत्थानाचा. म्हणून ख्रिस्ती मंडळी त्या दिवशी एकत्र जमू लागली. परंतु रोमन साम्राज्यात तो कामाचा दिवस होता. बिथिनिया प्रांताचा शासक प्लिनी याने इ. स. 112 च्या सुमारास सम्राट त्राजानला कळविले की, हे लोक ठरावीक दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात. उजाडताच ज्यांना कामावर रुजू व्हावयाचे, त्यांना दुसरी वेळ ती कोणती असणार?

पुढे सम्राट डायोक्लेशनने असे मेळावेच निषिद्ध ठरविले. इ. स. 304 मध्ये आजच्या ट्युनिशियातील अबितिना गावच्या 49 ख्रिस्ती स्त्रीपुरुषांना पकडून कार्थेजला नेण्यात आले. त्यांत सातुर्निनुस हा धर्मगुरू होता, तशी त्याची चार मुलेही होती. ज्याच्या घरी ही मंडळी जमत, त्या एमेरितुसला न्यायाधिकाऱ्याने विचारले, यांना घरात का घेतलेस? ही माझी भावंडे आहेत आणि प्रभूच्या भोजनावाचून आम्हांला जगता येत नाही, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. रविवारी त्यांना सुट्टी नव्हती. तरीही त्या दिवसासाठी त्यांनी प्राण पणाला लावले.

इ. स. 321 मध्ये सम्राट कॉन्स्टन्टाईनने कायदा करून रविवारी न्यायालये, नगरवासीयांची कामे व कारखाने बंद ठेवविले. पेरणीचा मोसम हुकू नये म्हणून शेतकऱ्यांना मात्र काम करण्याची मुभा दिली. अशा रीतीने उपासनेला विसाव्याची जोड मिळाली.

श्रोतेहो, ही जोड मोडल्यास काय होते, हे सोविएत रशियाने पाहिले. यंत्रे अखंड चालावीत आणि धर्माचा पगडाही ढिला व्हावा, म्हणून 1929 मध्ये तेथे पाच दिवसांचा आठवडा सुरू झाला. कामगारांचे पाच गट पाडले. चार दिवस काम, पाचवा दिवस विश्रांती. हिशेबाने पाहता विसावा वाढला होता. पण पतीची सुट्टी एका दिवशी, पत्नीची दुसऱ्या, मुलांची तिसऱ्या! रिकाम्या घरात एकट्याने बसणे याला विसावा कोण म्हणेल? 1931 मध्ये ती योजना मागे पडून सहा दिवसांचा आठवडा आला आणि 1940 मध्ये रविवार पुन्हा परतला. विसाव्याचे सुख तासांच्या संख्येइतकेच तो सर्वांना एकाच वेळी मिळण्यात असते, हा त्याचा धडा.

आपल्याकडे मुंबईच्या गिरणी कामगारांना तो मिळवून दिला, तो महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी. 1884 मध्ये त्यांनी आठवड्याच्या सुट्टीची मागणी पुढे मांडली आणि 1890 च्या जूनमध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, असेही एक कारण लोखंड्यांनी दिल्याचे सांगतात. ज्या दिवशी ख्रिस्ती कुटुंब मिस्सेला जाते, तोच दिवस कामगाराच्या घरी मल्हारीच्या तळीचा ठरला. देव्हारे निराळे, पण घरातील सारी माणसे एकत्र यावीत, ही ओढ एकच.

आज रुग्णालये, आगगाड्या, दुकाने रविवारीही चालतात. पाळीवर जाणाऱ्यांची अडचण ओळखून ख्रिस्तसभेने शनिवारी सायंकाळच्या मिस्सेची सोय केली आहे. उपासनेची वेळ अशी बदलता येते. एकत्र जेवणाची वेळ ज्याने त्याने घरात राखावी लागते. आणि ते जेवण रांधणारी माउली मिस्सेहून परतताच थेट चुलीपुढे उभी राहत असेल, तर मोशेच्या आज्ञेत दासीलाही विसावा सांगितला आहे, याचे स्मरण घरच्या पुरुषांनी ठेवावे.